मास्करेड पार्टीचं निमंत्रण आलंय? आधी मुखवटा ठरवा, मग ड्रेस आणि हेअरस्टाइल!

ऑफिसची न्यू इयर पार्टी असो, कॉलेजची फेअरवेल असो किंवा मैत्रिणीचा पंचविसावा वाढदिवस, निमंत्रणावर 'थीम : मास्करेड' असं लिहिलेलं दिसलं की बहुतेक जण एकाच क्रमानं तयारीला लागतात. आधी गाऊन किंवा सूट ठरतो. मग पार्लरची वेळ घेतली जाते. आणि अगदी शेवटी, पार्टीला दोन दिवस उरलेले असताना, घाईघाईत ऑनलाइन मुखवटा मागवला जातो.

गडबड होते ती इथेच. दोन तास बसून घातलेला अंबाडा मुखवट्याच्या इलॅस्टिकखाली चपटा होतो. लांब कानातलं फितीत अडकतं. ड्रेसवरच्या टिकल्या आणि मुखवट्यावरच्या टिकल्या एकमेकींशी भांडतात. फोटो येतो तेव्हा चेहरा, केस आणि कपडे यातलं धड काहीच उठून दिसत नाही.

यावर उपाय सोपा आहे. क्रम उलटा करायचा. आधी मुखवटा, मग ड्रेस, मग केस आणि सगळ्यात शेवटी मेकअप. हे असं का, हे समजून घ्यायचं तर आधी थोडं व्हेनिसला जाऊन यावं लागेल.

मास्करेड म्हणजे नेमकं काय?

मुखवटा घालून नाच, गाणं, जेवण असा समारंभ म्हणजे मास्करेड. युरोपात अनेक ठिकाणी असे समारंभ व्हायचे, पण मुखवटा म्हटलं की पहिलं नाव येतं ते इटलीतल्या व्हेनिसचं. तिथे मुखवट्यांचा सरकारी कागदांमधला सगळ्यात जुना उल्लेख १२६८ सालचा सांगितला जातो आणि तोही तक्रारीच्या सुरात आहे. मुखवटे घालून लोकांवर अंडी फेकण्याचा खेळ चालायचा, त्यावर बंदी घालणारा तो आदेश होता. १४३६ मध्ये मुखवटे बनवणाऱ्या कारागिरांना स्वतःची नियमावली मिळाली. हे कारागीर चित्रकारांच्या संघाशी जोडलेले होते, म्हणजे त्यांचं काम कलाकुसरीचं मानलं जायचं.

व्हेनिसमध्ये मुखवटा फक्त सणापुरता नव्हता. १६३८ मध्ये तिथे 'रिदोत्तो' नावाचा सरकारमान्य जुगारअड्डा सुरू झाला. तिथे खेळायला येणाऱ्यांना मुखवटा घालावाच लागायचा. सरदार कोण आणि व्यापारी कोण हे कळू नये, हा त्यातला हेतू. हा अड्डा १७७४ मध्ये बंद झाला. पुढे १७९७ मध्ये नेपोलियननं व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं आणि कार्निव्हलचीही रया गेली. आज जो कार्निव्हल बघायला जगभरातून पर्यटक येतात, तो १९७९ मध्ये नव्यानं सुरू झालेला आहे.

कोणता मुखवटा काय झाकतो?

स्टायलिंगच्या दृष्टीनं मुखवट्याचा रंग किंवा किंमत हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की तो चेहऱ्याचा किती भाग झाकतो. व्हेनिसचे काही पारंपरिक प्रकार पाहिले की हे लगेच लक्षात येतं.

कोलंबिना : डोळे, कपाळाचा थोडा भाग आणि नाक झाकणारा अर्धा मुखवटा. 'कोमेदिया देल्लार्ते' या इटालियन नाट्यप्रकारातल्या चतुर मोलकरणीच्या पात्रावरून हे नाव आलं. गंमत म्हणजे रंगमंचावरची कोलंबिना बहुतेकदा मुखवट्याशिवायच यायची. ओठ, गाल आणि हनुवटी मोकळी राहत असल्यामुळे पहिल्यांदा मास्करेडला जाणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात सोयीचा.

बाउता : पूर्ण चेहरा झाकणारा, पण हनुवटीकडे पुढे आलेला मुखवटा. खालून मोकळा असल्यामुळे तो न काढता खातापिता येतं आणि आवाजही थोडा बदलतो. याच्यासोबत त्रिकोणी टोपी आणि 'ताबार्रो' नावाचा लांब झगा असायचा. म्हणजे मुखवटा, टोपी आणि कपडे मिळून एकच पोशाख.

वोल्तो : पूर्ण चेहऱ्याचा, बहुतेकदा पांढरा मुखवटा. दिसायला सुंदर, पण खाणंपिणं अवघड.

मोरेत्ता : काळ्या मखमलीचा लंबगोल मुखवटा, फक्त बायकांचा. याला फीत नव्हती. आतल्या बाजूचं बटण दातात धरून तो चेहऱ्यावर टिकवायचा, त्यामुळे तो घातला की बोलणं बंद! चित्रकार पिएत्रो लोंगी याच्या १७५१ च्या एका प्रसिद्ध चित्रात मोरेत्ता घातलेली बाई दिसते. त्या चित्रात ती आणि बाकीची मंडळी बघायला आली आहेत ती क्लारा नावाच्या गेंड्याला, आणि ही क्लारा होती थेट भारतातून युरोपात नेलेली.

प्लेगचा डॉक्टर : लांब चोचीचा मुखवटा. सतराव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टर शार्ल द लोर्म याच्या नावाशी तो जोडला जातो. चोचीत सुगंधी वनस्पती भरायचे, कारण दूषित हवेतून रोग पसरतो असा समज होता. फोटोला भारी, पण गर्दीत चोच सांभाळणं हे वेगळंच काम.

थोडक्यात, अर्धा मुखवटा घेतला तर तुमचे ओठ, मान आणि केस बोलणार. पूर्ण मुखवटा घेतला तर चेहरा गप्प, आणि सगळं काम कपड्यांनी करायचं.

मुखवटा चेहरा लपवतो, कपडे ओळख सांगतात

इतिहासात याचं एक भयंकर उदाहरण आहे. १६ मार्च १७९२ च्या रात्री स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव स्टॉकहोमच्या ऑपेरा हाउसमधल्या मास्करेडला गेला. त्याच्या जिवाला धोका आहे असा इशारा त्याला आधीच मिळाला होता. त्यानं मुखवटा घातला, पण पोशाखावर राजसन्मानाचं चमकदार पदक तसंच राहिलं. मारेकऱ्यांना राजा कोण हे शोधायला वेळ लागला नाही. त्याला मागून गोळी घालण्यात आली आणि २९ मार्चला त्याचा मृत्यू झाला. या घटनेवर बेतलेला वेर्दीचा ऑपेरा १८५९ मध्ये रंगमंचावर आला.

पार्टीला जाणाऱ्यांच्या जिवाला अर्थातच असा धोका नसतो. पण मुद्दा तोच आहे. चेहरा झाकला की समोरच्याची नजर आपोआप कपडे, दागिने, केस आणि चाल यांच्याकडे जाते. एरवी हसऱ्या चेहऱ्यामुळे खपून जाणाऱ्या बारीकसारीक चुका मास्करेडमध्ये उघड्या पडतात. न बसणारा खांदा, सुरकुतलेलं अस्तर, फितीखाली दबलेले केस, सगळंच.

बारा वाजता मुखवटा उतरतो!

विसाव्या शतकातली सगळ्यात गाजलेली मास्करेड पार्टी म्हणजे अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटी यानं २८ नोव्हेंबर १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये दिलेला 'ब्लॅक अँड व्हाइट बॉल'. पाचशेहून जास्त पाहुणे होते. नियम साधे होते. पुरुषांनी काळा सूट आणि काळा मुखवटा घालायचा, तर स्त्रियांनी काळा किंवा पांढरा ड्रेस, पांढरा मुखवटा आणि हातात पंखा. रंग दोनच असल्यामुळे लोकांची नजर ड्रेसच्या कटवर, मुखवट्याच्या आकारावर आणि केसांवरच खिळली.

या पार्टीच्या मानकरी होत्या 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या कॅथरीन ग्रॅहम. त्यांच्या पांढऱ्या गाऊनवर गडद मण्यांचं काम होतं आणि डिझायनर हॅल्स्टननं त्यांचा मुखवटा त्या गाऊनला जुळेल असाच करून दिला होता. दुसरीकडे यजमान कपोटीनं स्वतःसाठी आणला होता खेळण्यांच्या दुकानातला ३९ सेंट्सचा साधा काळा मुखवटा. दोन्ही चाललं, कारण दोघांच्याही मुखवट्याचं कपड्यांशी जमत होतं.

या पार्टीत मध्यरात्री मुखवटे उतरवायचे होते. आजही बऱ्याच मास्करेड पार्ट्यांमध्ये हा क्षण असतो. म्हणजे तुमचा लूक दोनदा जमायला हवा, मुखवटा असताना आणि तो काढल्यावरही. फीत ओढताना अख्खी हेअरस्टाइल सुटली किंवा नाकावर मुखवट्याची लाल रेघ उमटली, तर उरलेली रात्र आरशासमोर जाते. त्यामुळे पुढची प्रत्येक गोष्ट ठरवताना हा प्रश्न स्वतःला विचारा : हे काढल्यावर कसं दिसेल?

ड्रेस कसा निवडायचा?

हिरो एकच ठेवा. मुखवटा सोनेरी, पिसांचा, खड्यांचा असेल तर ड्रेस एकरंगी आणि साधा घ्या. गाऊनवर भरगच्च काम असेल तर मुखवटा साध्या लेसचा किंवा मॅट फिनिशचा. दोन्ही भरजरी असले की नजर कुठेच ठरत नाही.

रंग सारखा नसला तरी चालेल, धातू सारखा हवा. गाऊनच्याच रंगाचा मुखवटा शोधत बसू नका. अगदी जवळचा पण किंचित वेगळा मरून हा विरोधी रंगापेक्षा जास्त खटकतो. त्यापेक्षा जुळवायचं ते सोनेरी-चंदेरी. मुखवट्यावर सोनेरी काम असेल तर कानातलं, क्लच आणि सँडलचं बक्कलही सोनेरी असू द्या. पांढऱ्याच्या बाबतीत जरा जास्त सावध राहा. शुभ्र पांढऱ्या मुखवट्यासमोर मोतिया रंगाचा गाऊन मळका दिसू शकतो. आणि रंग घरच्या ट्यूबलाइटमध्ये तपासू नका. हॉलमध्ये बहुधा पिवळसर दिवे असतात, म्हणून तशाच बल्बखाली बघा.

गळ्याचा आकार मुखवट्याशी जोडा. अर्ध्या मुखवट्याखाली मान आणि खांदे मोकळे असतील तर चेहरा लांब आणि रेखीव दिसतो. व्ही गळा, चौकोनी गळा, ऑफ-शोल्डर हे सगळं चालतं. पूर्ण मुखवटा आणि वर बंद गळा असं केलं तर माणूस दिसेनासाच होतो. बाउतासारखा झग्यासकट पूर्ण पोशाख करायचा असेल तरच ते शोभतं.

तोल सांभाळा. उंच पिसांचा मोठा मुखवटा आणि अंगाला चिकटून बसणारा सरळ ड्रेस, यात डोकं जड आणि बाकी शरीर बारीक दिसतं. मोठ्या मुखवट्यासोबत घेर, केप किंवा खांद्याला थोडा फुगीरपणा हवा. उलट, नाजूक लेसच्या मुखवट्याखाली प्रचंड घेराचा गाऊन असेल तर मुखवटा हरवतो.

कापडाचा विचार करा. मखमल आणि सॅटिन मुखवट्याला छान साथ देतात, कारण त्यांच्यावर प्रकाश सावकाश खेळतो. लेसचा मुखवटा टिकल्यांच्या बाहीजवळ गेला की अडकून उसवतो. खांद्यावर मोठी झालर असेल तर मान वळवताना बाजूची पिसं त्यात घुसतात.

उंची दोन बोटं कमी ठेवा. हे फॅशनपेक्षा सुरक्षिततेसाठी जास्त महत्त्वाचं. मुखवटा घातला की खालचं आणि बाजूचं नीट दिसत नाही, जिना उतरताना तर पायच दिसत नाहीत. गाऊनचा काठ जमिनीवर लोळत असेल तर पाय अडकून पडायची भीती. जे सँडल घालणार तेच पायात घालून शिंप्याकडून काठ दुमडून घ्या. आणि हो, ड्रेस शिवून घेत असाल तर उरलेलं कापड मागून घ्या. साध्या काळ्या मुखवट्याच्या कडेला त्याच कापडाची पट्टी लावली की तो मुखवटा त्याच ड्रेससाठी केल्यासारखा दिसतो.

केसांचं गणित फितीवर ठरतं

मुखवटा डोक्याला कसा अडकतो, यावर हेअरस्टाइल ठरते. पार्लरमध्ये जाताना मुखवटा सोबत न्या, नुसता फोटो पुरत नाही.

इलॅस्टिकचा मुखवटा : स्वस्त मुखवट्यांना बारीक इलॅस्टिक असतं. ते केसांत खाच पाडतं, वर सरकतं आणि कानामागे काचतं. शक्य असेल तर ते काढून दोन्ही बाजूंना साधारण ६०-७० सेंटीमीटरची एकेक फीत शिवा. सॅटिनची फीत गुळगुळीत केसांवरून घसरते, मखमली फीत पकडून राहते. फितीचा रंग केसांसारखा काळा घेतला तर ती लपते. दिसावी असं वाटत असेल तर ड्रेसच्या रंगाची घ्या आणि मागे बो बांधून तिचाच दागिना करा.

फीत आणि अंबाडा : खाली मानेवर अंबाडा असेल तर फीत त्याच्या वरून जाऊ द्या, अंबाडा तिला खाली सरकू देत नाही. उंच अंबाडा असेल तर फीत त्याच्या खालून बांधा. अंबाड्याच्या मधोमध मात्र कधीच नको, दहा मिनिटांत तो सैल होतो. कानांच्या थोडं मागे, फितीवर दोन पिना फुलीच्या आकारात लावल्या की मुखवटा जागचा हलत नाही.

अर्धे मोकळे केस : फीत लपवायची सगळ्यात सोपी पद्धत. डोक्याच्या वरच्या भागातले केस वेगळे करून क्लिपमध्ये धरा, मुखवटा लावून फीत बांधा आणि वरचे केस तिच्यावर सोडा. गाठ मात्र एका बाजूनं ओढली की सुटेल अशी ठेवा, म्हणजे बारा वाजता कात्री शोधावी लागणार नाही.

सागरवेणी : वेणीच्या पेडांमधून फीत ओवून घेता येते. मुखवटा घट्ट बसतो आणि दिसतोही सुंदर. पण मध्यरात्री मुखवटा काढायचा असेल तर हा प्रकार टाळलेलाच बरा.

दांडीचा मुखवटा : एका बाजूला दांडी असलेला मुखवटा हातात धरायचा असतो. केसांना काहीच धक्का नाही, त्यामुळे मोठे कर्ल्स, मोकळे केस, उंच पफ, काहीही करा. अडचण एकच. एक हात कायम अडकलेला. म्हणून हातात धरायचा क्लच नको, मनगटाला किंवा खांद्याला अडकवता येईल अशी छोटी पर्स घ्या.

आता आकाराबद्दल. मुखवट्याच्या एका बाजूला पिसांचा तुरा असेल तर भांग आणि केसांचा भार दुसऱ्या बाजूला ठेवा. मुखवट्याचे कोपरे मांजरीच्या डोळ्यांसारखे वर गेलेले असतील तर कानशिलाजवळचे केस मागे घ्या, नाहीतर ती रेषाच झाकली जाते. पुढे कापलेल्या बटा मुखवट्याखाली चेपल्या की मुखवटा कपाळापासून उचलला जातो. त्या बाजूला पिन करा किंवा मुखवट्याच्या वरून सोडा. कुरळ्या केसांत फीत सहज लपते, फक्त ती ओढून सरकवू नका, उचलून बसवा. केस अगदी लहान असतील तर जेल लावून बाजूचा भांग आणि मागे दिसणारी रुंद फीत हा लूक सगळ्यात स्वच्छ दिसतो.

दोन छोट्या गोष्टी पार्लरमध्ये आवर्जून सांगा. केस त्याच दिवशी न धुता आदल्या दिवशी धुतलेले असावेत, कारण ताज्या धुतलेल्या केसांवरून फीत आणि पिना दोन्ही निसटतात. आणि हेअर स्प्रे मुखवटा लावायच्या आधीच मारून वाळू द्यावा. नंतर मारला तर तो डोळ्यात जातो आणि मुखवट्याच्या रंगाचंही वाटोळं होतं.

मेकअप, चष्मा आणि दागिने

अर्धा मुखवटा असेल तर ओठांवर खर्च करा. गडद लाल, वाइन, बेरी अशा शेड्स उठून दिसतात. मुखवट्याखाली फाउंडेशनचा जाड थर नको, घामानं तो मुखवट्याच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि काढल्यावर चेहऱ्यावर ठिगळं दिसतात. पातळ थर आणि वर पावडर पुरे. मुखवट्याच्या भोकातून डोळ्यांभोवतीची मोकळी त्वचा दिसते, तिथे मुखवट्याच्या रंगाशी मिळतीजुळती आयशॅडो किंवा काजळाची गडद छटा लावली की मुखवटा आणि डोळे एक होतात. फार लांब नकली पापण्या मात्र मुखवट्याला घासतात, उघडझाप करताना त्रास होतो.

मुखवट्याची आतली बाजू हातानं चाचपून बघा. प्लास्टिकची धारदार कड, सुटणारी चमकी किंवा उग्र वासाचा रंग असेल तर आतून मऊ सुती कापड किंवा फेल्ट चिकटवा. त्वचा नाजूक असेल तर आदल्या आठवड्यात घरी अर्धा तास घालून बघा. पुरळ आलं तर मुखवटा बदला.

चष्मा असणाऱ्यांसाठी दांडीचा मुखवटा सर्वांत उत्तम. कॉन्टॅक्ट लेन्सची सवय असेल तर काहीच प्रश्न नाही, पण फक्त पार्टीसाठी पहिल्यांदा लेन्स घालण्याचा प्रयोग नको. तिसरा मार्ग म्हणजे हलका लेसचा मुखवटा दोऱ्यानं चष्म्याच्या फ्रेमला दोन बाजूंनी बांधायचा. गोंद अजिबात नको, काच कायमची खराब होऊ शकते.

कानातलं लहान किंवा खड्यांचं घ्या. लोंबतं घालायचंच असेल तर मुखवटा बांधून झाल्यावर घाला आणि काढतानाही आधी तेच काढा. गळा मोकळा असेल तर नाजूक हार चालेल, पण मुखवटा भरजरी असताना ठसठशीत नेकलेस नको.

पुरुषांनी काय करायचं?

'काळा सूट घातला की झालं' हे अर्धंच खरं आहे. सूटच्या कॉलरचं कापड चमकदार असेल तर मुखवटा मॅट घ्या. केस जेलनं मागे वळवले की फीत व्यवस्थित बसते. दाढी असेल तर अर्धा मुखवटाच घ्या, दाढीच्या कडा मात्र आदल्या दिवशी रेखून घ्या, कारण चेहऱ्याचा तेवढाच भाग दिसणार आहे. बाउता घालायचा असेल तर साध्या सूटऐवजी लांब काळा झगा किंवा ओव्हरकोट हवा, नाहीतर डोकं अठराव्या शतकात आणि शरीर ऑफिसात असा प्रकार होतो. बंदगळा हा आपल्याकडचा सोपा पर्याय आहे. त्याच्या बटणांचा धातू मुखवट्याशी जुळवा.

साडीवर मुखवटा चालतो का?

चालतो, आणि छान दिसतो. एकरंगी सॅटिन किंवा शिफॉन साडी, लांब बाह्यांचा मखमली ब्लाउज आणि कोलंबिना हे समीकरण गाऊनच्या तोडीस तोड आहे. पदर नीट पिन केलेला हवा, कारण मुखवट्यामुळे तो कुठे अडकलाय हे दिसत नाही. काठपदराची भरजरी साडी असेल तर मुखवटा अगदी साधा ठेवा. खालच्या अंबाड्यावर गजरा माळला तर फितीची गाठ त्याच्याखाली आपोआप लपते.

रंगाची प्रेरणा जवळच हवी असेल तर गोव्याकडे बघा. तिथला कार्निव्हल, म्हणजे स्थानिक भाषेतला 'इंत्रुज', ऍश वेन्सडेच्या आधीच्या शनिवारी किंग मोमोच्या मिरवणुकीनं सुरू होतो आणि मंगळवारी संपतो. पणजीत क्लब नासिओनालचा 'रेड अँड ब्लॅक' डान्स हा त्या दिवसांतला प्रसिद्ध कार्यक्रम, आणि त्याचा ड्रेसकोड नावातच आहे. लाल ड्रेस, काळा मुखवटा, काळी फीत. फार डोकं चालवायचं नसेल तर ही जोडी कधीच चुकत नाही.

पार्टीच्या आधी एक तालीम

निदान दोन दिवस आधी ड्रेस, सँडल, मुखवटा आणि केसांची ढोबळ रचना असा सगळा सरंजाम घालून घरात वीस मिनिटं वावरा. या गोष्टी तपासा :

१. जिना चढता-उतरता येतो का, बाजूनं येणारा माणूस दिसतो का.
२. पाणी पिता येतं का, बोललेलं समोरच्याला कळतं का.
३. मान दोन्ही बाजूंना वळवली तर पिसं, कानातलं, झालर कुठे अडकते का.
४. श्वास घेताना गुदमरल्यासारखं होतं का. तसं वाटलं तर तो मुखवटा कितीही सुंदर असला तरी बाद.
५. फ्लॅश लावून आणि न लावता फोटो काढल्यावर डोळे दिसतात का.
६. मुखवटा एका हातानं, आरशाशिवाय, केस न विस्कटता काढता येतो का.

पर्समध्ये दोन-चार जास्तीच्या पिना, छोटा कंगवा, टिश्यू आणि दुहेरी टेप ठेवा. मुखवटा घालून गाडी चालवू नका, हॉलच्या दारात गेल्यावरच घाला. टेबलावर मेणबत्त्या असतील तर पिसं आणि लेस जपा. पूर्ण मुखवटा असेल तर ओळखपत्र सोबत असू द्या, दारावर चेहरा दाखवायला सांगितला तर कुरकुर नको. मैत्रिणींसोबत जात असाल तर एखादी खूण ठरवून ठेवा, कारण मुखवट्यांच्या गर्दीत आपली माणसंही पटकन सापडत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्याचा मुखवटा गमतीनंही ओढायचा नाही. कुणी किती वेळ अनोळखी राहायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. रिदोत्तोच्या दारातून आत जाणाऱ्यांना मुखवट्यानं दिलेली मोकळीक हीच होती, आणि आजच्या पार्टीतही मजा त्यातच आहे.